सहावा मणी

(कार्यकर्तींच्या वार्षिक शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

शिबिराच्या पत्रकात माझ्या नावापुढे ‘जनुकांची कात्री आणि बाईचं आयुष्य’ असा विषय छापलेला पाहिला आणि घाबरलेच. मी समाजकार्यातली पदवीधर. बारावीनंतर जीवशास्त्राचं पुस्तक उघडलेलं नाही. संयोजिकांना फोन करून म्हटलं की एखाद्या डॉक्टरबाईंना बोलवा. त्या म्हणाल्या, डॉक्टरबाई काय सांगतील ते ठाऊक आहे, तुमच्या पाड्यावरच्या बायका काय विचारतात ते आम्हांला ऐकायचंय. तेव्हा बायकांचे प्रश्न हीच माझी शिदोरी. उत्तरं वाचून, विचारून गोळा केली आहेत.

पहिला प्रश्न एका तेरा वर्षांच्या मुलीचा आहे. गेल्या पावसाळ्यात ती मला म्हणाली, “मॅडम, थे कैचीवालं औषध मले भेटन का?” तिनं मोबाईलवर कुठेतरी पाहिलं होतं की अमेरिकेत सिकलसेलच्या एका बाईचं रक्त कात्रीनं दुरुस्त केलं. ही मुलगीही सिकलसेलची. पूर्व विदर्भात आम्ही जिथं काम करतो तिथं हा आजार नवा नाही. हाडं फोडून काढावीत अशी कळ येते, तीन-चार दिवस पोर जमिनीवर लोळते, मग बरं वाटतं आणि पुन्हा कधी येईल याचा नेम नाही. या मुलीला मी ती सव्वा वर्षाची असल्यापासून ओळखते. तिच्या आईचं घर मोडलं त्यात माझाही हात आहे. ते पुढे सांगते. आधी कात्रीचं.

आपल्या शरीराच्या जवळपास प्रत्येक पेशीत एक लांबलचक मजकूर असतो. त्याला डीएनए म्हणतात. त्याची लिपी चारच अक्षरांची, ए, टी, जी आणि सी. या मजकुरात शरीरातली प्रथिनं कशी बनवायची त्याच्या कृती लिहिलेल्या असतात. डीएनएच्या मूळ पोथीला कुणी हात लावत नाही. जी कृती हवी तिची नक्कल आरएनए नावाच्या चिठ्ठीवर उतरवली जाते आणि ती चिठ्ठी पेशीच्या स्वयंपाकघरात जाते. आजीची वही ट्रंकेत आणि चकलीच्या भाजणीचं प्रमाण कागदाच्या चिठोऱ्यावर, तसंच.

रक्ताचा लाल रंग ज्या प्रथिनानं येतो ते हिमोग्लोबिन. त्यातला एक भाग म्हणजे १४६ मण्यांची माळ समजा. सिकलसेलमध्ये मूळ पोथीत एका जागी ए ऐवजी टी पडतो. एकच अक्षर. त्यामुळे माळेतला सहावा मणी बदलतो, बाकीचे १४५ जसेच्या तसे. तुम्ही म्हणाल एका अक्षरानं काय होतंय? ‘औषध घ्या’ आणि ‘औषध द्या’ यांत एकाच अक्षराचा फरक आहे, पण सगळा व्यवहार उलटा होतो. हा सहावा मणी चिकट आहे. रक्तातला प्राणवायू कमी झाला की हिमोग्लोबिनच्या माळा एकमेकींना चिकटून दोऱ्या बनतात आणि गोल तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी होते. विळे बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, तिथून पुढे रक्त जात नाही, म्हणून ती कळ. साधी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ही दहावीस दिवसांत फुटते, म्हणून पंडुरोग. रोवणीच्या दिवसांत गार पाण्यात कंबर वाकवून उभ्या असणाऱ्या बाईला हा आजार काय करतो ते डॉक्टरांच्या पुस्तकात फारसं लिहिलेलं नाही. थंडी, श्रम आणि पाणी कमी पिणं, तिन्हींनी कळ उठते. आणि बाई पाणी का कमी पिते ते आपण जाणतोच. आडोसा नसतो.

शिकागोच्या डॉ. हेरिक यांनी १९१० साली या वाकड्या पेशींची नोंद छापली. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. भारतात निलगिरीच्या आदिवासींत हा आजार १९५२ साली नोंदला गेला. म्हणजे ज्या काही मोजक्या आजारांचं मूळ माणसानं सर्वांत आधी अक्षरापर्यंत शोधून काढलं त्यांत हा आहे. आणि औषधाच्या बाबतीत मात्र सर्वांत मागे राहिलेल्यांतला. अमेरिकेत तो मुख्यतः काळ्या लोकांचा, आपल्याकडे आदिवासींचा, विदर्भात दलितांचा आणि इतर मागास जातींचाही. मागे का राहिला हे मी तुम्हांला वेगळं सांगायला नको.

आता त्या मुलीच्या आईची गोष्ट.

बारा वर्षांपूर्वी मी नोकरीला लागले तेव्हा शिक्षण ताजं होतं आणि उत्साह फार. सव्वा वर्षाच्या या पोरीचे हातपाय सुजायचे. लहान मुलांत सिकलसेल असाच सुरू होतो. मी मागे लागून आई-मुलीचं रक्त तपासून घेतलं. मुलगी एसएस, म्हणजे रुग्ण. आई एएस, म्हणजे वाहक. वाहक बाईला स्वतःला आजार नसतो, ती सगळी कामं करते. बापाला तपासणीला ये म्हटलं तर तो म्हणाला, “माह्या रगतात काही खोट नाही.”

रिपोर्ट घेऊन मी त्यांच्या घरी गेले. अंगणात खाट टाकली होती. सासूनं चहा दिला. आणि मी, शहाणीनं, सगळ्यांसमोर कागद उघडून समजावून सांगितलं की तुमच्या सुनेच्या रक्तात सिकलसेलचा गुण आहे. मला वाटलं, घराला माहिती मिळाली की घर शहाणं होतं. आठव्या दिवशी सून पोरीसकट माहेरी होती. ‘रगत खराब असलेली’ बाई नको म्हणून.

पदव्युत्तर वर्गात गोपनीयतेवर पूर्ण एक पेपर होता मला. चांगले गुण पडले होते.

मैत्रिणींनो, यातली सर्वांत मोठी थट्टा पाहा. पोरगी रुग्ण आहे याचाच अर्थ तिला दोन्हीकडून दोष आला आहे. मी आता बायकांना हे मंगळसूत्रावरून सांगते. (आपल्यातल्या काहीजणींनी ते केव्हाच काढून ठेवलंय, पण गावात समजायला सोपं जातं.) मंगळसूत्रात दोन वाट्या असतात, एक माहेरची, एक सासरची. तशाच प्रत्येक मुलाच्या पोथीत प्रत्येक कृतीच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक बापाकडून. एक प्रत चुकीची आणि एक बरोबर असेल तर ते मूल वाहक, त्याचं भागतं. दोन्ही चुकीच्या असतील तरच मूल आजारी. आई-बाप दोघं वाहक असतील तर प्रत्येक खेपेला चारांत एक शक्यता आजारी मुलाची, चारांत दोन वाहकाची, चारांत एक पूर्ण निरोगी मुलाची. पहिलं मूल आजारी निघालं म्हणून पुढची तीन सुटली असंही नाही, दर खेपेला चिठ्ठी नव्यानं निघते. तेव्हा त्या बापाचं रक्त तपासायची गरजच नव्हती. त्याच्या मुलीचं रक्त हीच त्याची साक्ष होती. हे वाक्य त्या दिवशी अंगणात मला सुचायला हवं होतं. सुचलं सहा महिन्यांनी, तोवर त्याचं दुसरं लग्न ठरत आलं होतं. मग मी आशाताईंना घेऊन अख्ख्या पाड्याची तपासणी लावली, म्हणजे दुसरीला निदान स्वतःचं रक्त तरी कळावं. तिच्यात दोष नव्हता. तिची मुलं आजारी होणार नाहीत. गावात आता सरळ म्हणतात, बघा, खोट पहिलीतच होती.

यानंतर मी तपासणीच्या कामाकडे वेगळ्या नजरेनं पाहायला लागले. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. शून्य ते चाळीस वयाच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत आजार संपवायचा, असं तिचं उद्दिष्ट. तपासणी हवी, याबद्दल मला शंका नाही. लहानपणी कळलं तर लस, फॉलिक ॲसिड, औषध वेळेवर सुरू होतं आणि पोर वाचतं. पण तपासणीनंतर हातात कार्ड येतं. आणि कार्ड हे लग्नाच्या बाजारात जातं.

एका शाळेत मुलींच्या बैठकीत मी विचारलं, दोन वाहकांनी लग्न करू नये असा सल्ला देतात, तुम्हांला काय वाटतं? एक नववीतली म्हणाली, “पोराचं कार्ड कोणी मागत नाही. पोरीचं मागतात.” दुसरीनं सांगितलं की तिच्या वसतिगृहात रिपोर्ट आले तेव्हा प्रार्थनेच्या वेळी नावं वाचून दाखवली. कोणतं वसतिगृह ते इथं सांगत नाही. मी स्वतः अंगणात जे केलं तेच तिथं ध्वनिक्षेपकावर झालं, एवढंच.

आता शोधण्याचं नवं तंत्र आलं आहे. दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी संस्थेत देबज्योती चक्रवर्ती आणि सौविक मैती यांचा गट सिकलसेलवरच काम करत होता. करोना आला तेव्हा त्यांनी आपलं तंत्र तिकडे वळवलं आणि २०२० साली कागदी पट्टीवरची ‘फेलुदा’ चाचणी तयार केली. फेलुदा म्हणजे सत्यजित राय यांचा गुप्तहेर. नाव अगदी चपखल आहे. हव्या त्या मजकुराला बरोबर जुळेल अशी आरएनएची चिठ्ठी प्रयोगशाळेत लिहायची, ती एका प्रथिनाच्या हाती द्यायची आणि त्याला रक्तातल्या मजकुरात सोडायचं. चिठ्ठीशी जुळणारी ओळ सापडली की प्रथिन तिथं चिकटून बसतं आणि पट्टीवर रेघ उमटते, गरोदरपणाच्या चाचणीसारखी. एका अक्षराचा फरकसुद्धा ते ओळखतं. सिकलसेलमध्ये नेमकं तेच हवं आहे. आज गावात जी साधी विद्राव्यता चाचणी करतात तिच्यात वाहक आणि रुग्ण वेगळे कळत नाहीत, नमुना पुढे मोठ्या यंत्राकडे पाठवावा लागतो आणि रिपोर्ट यायला आठवडे जातात. पट्टीवर झाडाखाली उत्तर मिळालं तर फेरे वाचतील. पण झाडाखाली पंचवीस माणसं उभी असतात हे पट्टीला कळत नाही. ते आपल्याला बघावं लागेल.

ज्या चिठ्ठीनं शोध घेता येतो तिच्याच हाती कात्री दिली की उपचार होतो. हे तंत्र मुळात जिवाणूंचं. विषाणू आत शिरला की जिवाणू त्याच्या मजकुराचा तुकडा आठवणीसाठी जपून ठेवतात आणि पुन्हा तो आला की ओळखून कापतात. इमॅन्युएल शार्पेंटिए आणि जेनिफर डाउडना या दोघींनी २०१२ साली दाखवलं की चिठ्ठी आपण आपल्या मनानं लिहिली तर कात्री आपल्याला हवं तिथं कापते. २०२० सालचं रसायनशास्त्राचं नोबेल दोघींना मिळालं. विज्ञानाचं नोबेल वाटून घेणाऱ्यांत एकही पुरुष नाही असं तोवर घडलं नव्हतं.

पण मला या गोष्टीत तिसरी बाई जास्त आवडते. तिचं नाव फार कुणी घेत नाही. जॅनेट वॉटसन. ब्रुकलिनची बालरोगतज्ज्ञ. १९४८ साली तिनं लिहिलं की सिकलसेल घेऊन जन्मलेल्या तान्ह्या बाळांत वाकड्या पेशी फार कमी दिसतात. तिनं कारणाचा अंदाजही केला. पोटात असताना बाळाचं हिमोग्लोबिन वेगळ्या कृतीचं असतं, जन्मानंतर काही महिन्यांत ती कृती बंद होते आणि मोठ्यांची कृती सुरू होते. म्हणजे बाळपणीचं हिमोग्लोबिन राखण करतं. पाळण्यातल्या पोरांकडे नीट पाहणाऱ्या बाईचं हे निरीक्षण, आणि आजचा कात्रीचा उपचार त्याच्यावरच उभा आहे. चुकलेलं अक्षर त्यात दुरुस्त करतच नाहीत. बाळपणीची कृती बंद ठेवणारं एक बटण असतं, त्या बटणाचा मजकूर कात्रीनं कापतात. बटण निकामी होतं, बाळपणीचं हिमोग्लोबिन पुन्हा तयार होऊ लागतं. आपल्या पोरीला मिळणारी हायड्रॉक्सीयुरियाची गोळीही हेच काम थोड्या प्रमाणात करते, बरं का.

व्हिक्टोरिया ग्रे ही अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातली काळी बाई, मुलांची आई. जुलै २०१९ मध्ये अमेरिकेत हा उपचार घेणारी ती सिकलसेलची पहिली रुग्ण. तिची कळ थांबली. चाचणीत ज्या ३१ रुग्णांचा पुरेसा काळ पाठपुरावा झाला त्यांतल्या २९ जणांना सलग वर्षभर तरी तीव्र कळ आली नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटननं आणि ८ डिसेंबर २०२३ रोजी अमेरिकेनं या उपचाराला मान्यता दिली, बारा वर्षांवरच्या रुग्णांसाठी. आमची पोरगी तेरा वर्षांची.

ती बातमी वाचून मी रडले होते, हे कबूल करते. मग पुढचं वाचत गेले.

उपचार असा होतो. रुग्णाच्या रक्तातून मूळपेशी काढून घेतात, त्या कारखान्यात जातात, तिथं कात्री लावतात. याला काही महिने लागतात. मग रुग्णाला बुसल्फान नावाचं जहाल औषध देतात. त्यानं हाडांतला जुना मगज जाळून टाकायचा, म्हणजे नव्या पेशींना जागा होते. केस जातात, तोंड सोलून निघतं, महिना-दीड महिना दवाखान्यात एकटं राहावं लागतं. आणि या जहाल औषधानं बहुतेकदा बाईचा अंडकोष कायमचा निकामी होतो. मूल हवं असेल तर आधी अंडी काढून गोठवून ठेवावी लागतात, त्याचा खर्च आणि त्रास वेगळा. किंमत अमेरिकेत २२ लाख डॉलर. तेव्हाच्या भावानं अठरा कोटी रुपयांच्या वर.

आणि एक गोष्ट बातम्यांत कुठेच ठळक नसते. ही कात्री फक्त रक्ताच्या मूळपेशींना लागते. बाईच्या अंड्यातली पोथी जशीच्या तशी राहते. म्हणजे बाई बरी झाली आणि तिला मूल झालंच, तर चुकीची प्रत त्या मुलाकडे जातेच. त्या अंड्यात हात घालू नये असं जगभरच्या शास्त्रज्ञांचं म्हणणं आहे, कारण ती चूक पुढच्या पिढ्यांत जाईल. २०१८ साली चीनमध्ये हे जियानकुई या माणसानं गर्भावर कात्री चालवून जुळ्या मुली जन्माला घातल्या. त्याला तुरुंगवास झाला. त्या मुलींना कुणी विचारलं नव्हतं, विचारता येणारही नव्हतं.

‘त्या मुलीला मूल होईल का’ हा प्रश्न मोबाईलवाल्या बातमीनं विचारला नाही. तिच्या आईनं विचारला. “बरी होईन, पन पुढं लेकरू होईन का तिले? नाहीतर मंग तिलेबी काढून देतीन.” बघा, जिला ‘खराब रगताची’ म्हणून काढलं, तिला भीती की बऱ्या रक्ताची लेक ‘वांझ’ म्हणून काढली जाईल. आजार बदलतो, दार तेच. आता तुम्ही म्हणाल, बाईची किंमत मुलावर ठरता कामा नये. मलाही तेच म्हणायचंय. पण तेरा वर्षांच्या मुलीच्या वतीनं ते मी म्हणू शकत नाही. पाच वर्षांनी तिला काय हवं असेल ते तिलाच ठरवता यावं, त्यासाठी आधी तिला हे सगळं माहीत असायला हवं.

आपल्या चळवळीला हे प्रश्न नवीन नाहीत. गर्भजल परीक्षा मुळात गर्भातल्या आजारांसाठी होती, तिनं मुली मारल्या. त्याविरुद्ध मुंबईत बायका रस्त्यावर आल्या म्हणून १९८८ साली महाराष्ट्रानं देशात पहिला कायदा केला, मग १९९४ चा केंद्राचा. १९८५ साली आंध्रातल्या पटनचेरू इथं नेट-एन या संततिप्रतिबंधक इंजेक्शनची चाचणी करताना बायकांना ती चाचणी आहे हेच सांगितलेलं नव्हतं, १९८६ साली प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २००९-१० मध्ये खम्मम आणि वडोदरा जिल्ह्यांत मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लस दिली. खम्मममध्ये कित्येक आदिवासी मुलींच्या संमतिपत्रावर वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या. लस वाईट होती असं मी म्हणत नाही, आज ती लस मुलींना मिळावी अशीच मागणी आपण करतो. सही कुणाची, हा मुद्दा होता.

म्हणून बातमी आली तेव्हा मी दोनदा वाचली. नोव्हेंबर २०२५ मध्ये आयजीआयबीनं सिकलसेलवरचा भारतीय कात्रीचा उपचार जाहीर केला. नाव ‘बिरसा १०१’, बिरसा मुंडांच्या जन्माला १५० वर्षं झाल्याच्या निमित्तानं. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटबरोबर करार झाला. परदेशापेक्षा पुष्कळ स्वस्त करू, असं म्हटलं आहे. मला त्या शास्त्रज्ञांबद्दल आदर आहे. सरकारी संस्थेनं गरिबांच्या आजारावर वर्षानुवर्षं काम करावं, ही छोटी गोष्ट नव्हे. पण बिरसाचं नाव औषधाला दिलं की औषध बिरसाच्या माणसांचं होत नाही. पहिल्या चाचण्या कुणावर होणार? संमतिपत्र कुठल्या भाषेत असेल, मराठीत की गोंडीत, माडियात? त्यात ‘तुमचा अंडकोष निकामी होऊ शकतो’ हे वाक्य कितव्या पानावर असेल? अंडी गोठवायचा खर्च उपचारात धरणार की ‘ज्याचा त्याने’? चाचणीत काही बिघडलं तर दहा वर्षांनी त्या बाईला कुणी विचारायला येईल का? हे प्रश्न आपण आत्ताच, लेखी, विचारायला हवेत. उपचार गावात पोचल्यावर विचारून उपयोग नाही.

आमच्यातल्या काही मैत्रिणी म्हणतात की ही सगळी नफेखोरी आहे, आपण विरोध करू. मला ते पटत नाही. ज्या बाईनं रात्रभर पोरीचे पाय चेपत बसून काढलेत तिच्यासमोर जाऊन ‘हे तंत्रज्ञान भांडवलशाहीचं आहे’ असं म्हणायची माझी हिंमत नाही. दुसरीकडे, कात्री येतेय म्हणून आज जे शक्य आहे ते विसरणं हीसुद्धा फसवणूकच. हायड्रॉक्सीयुरियाची साधी कॅप्सूल. १९९८ पासून अमेरिकेत सिकलसेलसाठी मान्य आहे, आपल्याकडे स्वस्तात बनते. नियमित घेतली आणि अधूनमधून रक्त मोजलं तर बहुतेकांची कळ कमी होते. गरोदरपण ठरवायचं असेल तर आधी डॉक्टरांना विचारून थांबवावी लागते, हे बायकांना कुणी सांगत नाही. आमच्या भागातल्या एका आरोग्य केंद्रात ती गेल्या वर्षी दोन महिने नव्हती. ज्या व्यवस्थेला कॅप्सूल पोचवता येत नाही ती मूळपेशी पोचवेल?

आणि ‘निर्मूलन’ हा शब्द. आजार निर्मूल करायचा की आजारी माणसं जन्मालाच येऊ द्यायची नाहीत? गर्भाची तपासणी करून एसएस असेल तर गर्भपात करण्याची सोय कायद्यात आहे. ती असावी, हा बाईचा हक्क आहे. पण मी पाहिलंय, सल्ला देणारा एका दमात सांगतो, “आजारी मूल होईल, काढून टाका.” आजारी मूल शाळेत जातं, हसतं, कैचीबद्दल विचारतं, हे त्या सल्ल्यात नसतं. २०१६ च्या कायद्यानं सिकलसेल अपंगत्वाच्या यादीत आला आहे, दाखला मिळाला तर सवलती आहेत, हेही त्यात नसतं. बाईनं ठरवायचं तर तिच्यापुढे दोन्ही बाजू ठेवायला हव्यात. नाहीतर निर्णय दुसऱ्याचा आणि पोट तिचं.

आता त्या मुलीला मी काय उत्तर दिलं ते सांगते. मी म्हटलं, “आज नाही भेटणार. कदाचित तू मोठी होशील तेव्हा भेटेल. तेव्हा तुझी सही लागेल, तुझ्या आईची नाही, माझी नाही, वसतिगृहवाल्यांची तर नाहीच. म्हणून वाचायला शीक.” ती म्हणाली, “मले वाचता येते.” आणि माझ्या पिशवीतला हायड्रॉक्सीयुरियाचा कागद काढून तिनं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. आई ऐकत बसली. अर्धे शब्द इंग्रजी होते, ते तिनं एकेक अक्षर जोडून वाचले.

त्या दिवशी मी तिच्या आईची माफी मागितली. बारा वर्षांनी. ती म्हणाली, “त्या घरात राहिली असती तर दुसऱ्या खेपेला अजून एक दुखनं आलं असतं, अन् तेबी माह्याच नावावर गेलं असतं.” तिनं मला बरं वाटावं म्हणून म्हटलं की खरंच तसं वाटतं म्हणून, ते मला अजून कळलेलं नाही.

आता आमच्या पाच गावांत रिपोर्ट बंद पाकिटात देतो, बाईचा बाईच्या हातात, पुरुषाचा पुरुषाच्या. समजावून सांगायचं ते आधी एकटीला. जोडप्याला सांगायचं असेल तर दोघांची तपासणी झाल्याशिवाय एकाचाही निकाल उघडायचा नाही, हा नियम बायकांनीच केला. सुरुवातीला पुरुष कुरकुरले. आता पाकिटाची सवय झालीय. गेल्या महिन्यात एका नवऱ्यानं स्वतःचं पाकीट बायकोपासून लपवलं आणि बायकोनं आशाताईंना विचारलं, माझं लपवायची मुभा आहे तर त्यालाही असणार, पण मग दिवस राहायच्या आधी मी काय करू? यावर आमच्यात दोन तास भांडण झालं आणि उत्तर सापडलेलं नाही. तुमच्यापैकी कुणी एचआयव्हीच्या कामात असाल तर तुम्ही याच वळणावरून गेला असाल. जेवणानंतर त्यावर बोलू या.

परवा पोरीची रक्ततपासणी आहे आणि मला उद्या पहाटेची एसटी गाठायची आहे, तेव्हा आणखी जे विचारायचं ते आजच विचारून घ्या.